यंत्रणा भक्कम आहे, पण शब्द कोण देणार?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या शेडमध्ये यंत्राशेजारी ठेवलेला जुना संगणक आठवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे संगणक धडधाकट, पण काढून टाका! अशा वेळी आम्ही लिनक्सवाले पुढे सरसावतो. "फुकट आहे, भक्कम आहे, घ्या की!" समोरचा लघुउद्योजक शांतपणे विचारतो, "टॅली चालेल का? पीएलसीचं सॉफ्टवेअर चालेल का?" आणि आमची बोलती बंद होते.

कारण टॅली विंडोजसाठी लिहिलेलं. सीमेन्सचं टीआयए पोर्टल विंडोजसाठी. सॉलिडवर्क्स तर १९९५ मध्ये जन्मलंच विंडोजवर.

मग लिनक्समध्ये काही कमी आहे का? तसं दिसत नाही. जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. यंत्र चालवायचं तर लिनक्ससीएनसी आहे. काटेकोर वेळेत काम करण्याची सोयही २०२४ मध्ये मूळ कर्नलमध्ये आली. अंगात बळ आहे. तरी कारखान्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा तिकडे वळत नाही. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो, "लोकांना सवय नाही." हे अर्धसत्य आहे, आणि आमच्या सोयीचं आहे.

जरा त्या प्रोग्रामरच्या खुर्चीत बसून बघू. वजनकाट्याचं वाचन घेऊन बारकोडचं लेबल छापणारं छोटं सॉफ्टवेअर तो विकतो. गिऱ्हाईक समजा वीस-पंचवीस कारखाने. विंडोजसाठी तो एक फाइल देतो आणि ती बहुधा दहा वर्षंही चालते. लिनक्ससाठी? उबंटू, फेडोरा की डेबियन? प्रत्येकाच्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या निराळ्या. आज चाललेलं पुढच्या अपडेटला अडतं. फोन मात्र त्यालाच येतो. फ्लॅटपॅकसारखे उपाय आलेत, पण सिरियल पोर्ट आणि डोंगल म्हटलं की पुन्हा खटपट.

गंमत बघा. कर्नल आपला शब्द पाळतो. वरचे प्रोग्राम बंद पडतील असा बदल करायचा नाही, हा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम. पण कर्नलच्या वरच्या थरात तसा शब्द देणारं कोणी नाही. २०१४ मध्ये डेबियनच्या परिषदेत खुद्द टोरवाल्ड्स यांनीच ही तक्रार केली होती. पाणबुड्यांसाठीचं त्यांचं सॉफ्टवेअर तयार स्वरूपात विंडोज आणि मॅकसाठी दिलं जायचं, लिनक्ससाठी जवळपास नाहीच!

उलट बाजू बघा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे आणि त्यासाठी लिहिणाऱ्यांची रांग लागते. मोटारीच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यामागेही लिनक्स असतो. तिथं एक कंपनी ठरवते, हीच आवृत्ती, ह्याच लायब्रऱ्या, इतकी वर्षं. तेच लिनक्स, फक्त तिथं जबाबदार धनी आहे.

आता आपल्या सरकारी प्रयोगाकडे येऊ. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनं २००७ मध्ये 'बॉस' आणलं. डेबियनवर आधारलेलं, भारतीय भाषा येणारं. काम चांगलं होतं. पण यंत्रणा दिली, बाजार दिला नाही. केरळनं सरकारी शाळांचा संगणक-अभ्यासक्रमच मुक्त सॉफ्टवेअरवर बांधला, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, त्यामुळे वापरणारे तयार झाले. आपण गावोगावी एमएस-सीआयटी केलं आणि त्यात शिकवलं विंडोज नि ऑफिस. मग प्रोग्रामर कुणासाठी लिहिणार? गिऱ्हाईक आपणच दुसरीकडे पाठवलं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. लिनक्सचे गुण गाणं आता पुरे. इथल्या उद्योजकांनी एकत्र बसून दीर्घ आधाराची एकच आवृत्ती निवडावी आणि "पुढची दहा वर्षं आम्ही हीच वापरू" असं लिहून द्यावं. नवं यंत्र घेताना परचेस ऑर्डरमध्ये एक ओळ घालावी, "सॉफ्टवेअर ह्या आवृत्तीवर चाललं पाहिजे." एकट्या कारखान्याचं कोणी ऐकणार नाही. पन्नास जणांची तीच ओळ आली, तर ऐकावं लागेल.

नाहीतर आपला संगणक कधी म्हातारा झाला, हे दुसरंच कोणीतरी ठरवत राहणार.