सरासरी माणसाचे जेवण

आजचा विषय आहाराचा आहे. पाककृतींचा नाही, आणि वजन उतरवण्याचा तर मुळीच नाही. सुरुवातीलाच एक चिठ्ठी आली आहे, "तूप खावे की खाऊ नये?" ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, कोलेस्टेरॉलला तिचा काही उपयोग नाही. आम्हांला एवढंच बघायचं आहे, की सरकारी समिती जेव्हा म्हणते "माणसाला रोज इतक्या उष्मांकांची गरज असते", तेव्हा या वाक्यातला 'गरज' हा शब्द काय काम करतो. ते वर्णन आहे, की निर्णय?

आधी प्रथिनांचं बघू, ते सोपं आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने १९७३ च्या अहवालात प्रौढ पुरुषासाठी प्रथिनांची सुरक्षित पातळी दर किलो वजनामागे ०.५७ ग्रॅम धरली. १९८५ च्या अहवालात ती ०.७५ झाली, २००७ मध्ये ०.८३. हे आकडे दूध-अंड्यांच्या दर्जाच्या प्रथिनांचे आहेत. म्हणजे साठ किलोच्या ज्या माणसाचं ३४ ग्रॅमवर भागत होतं, त्याला आता ५० लागतात. त्या माणसाच्या शरीरात काही बदल झालेला नाही. बदलली ती मोजण्याची रीत. अन्नातून आत गेलेला नत्र मोजायचा, बाहेर पडलेला मोजायचा, आणि ताळा जमतो का बघायचं. हा प्रयोग किती दिवस चालवला, त्या दिवसांत उष्मांक भरपूर दिले की बेताचे, सांख्यिकी कोणती लावली, यांवर उत्तर हलतं.

आकडा हलला म्हणून विज्ञान खोटं, असं म्हणणारे लोक आम्हांला भेटतात आणि त्यांच्याशी आमचं जमत नाही. नव्या मोजणीने आकडा दुरुस्त करणं ही विज्ञानाची चांगली सवय आहे. आमची तक्रार निराळी आहे. आकडा समितीच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा त्याची ही जन्मकथा आतच राहते. पाठ्यपुस्तकात, पाकिटावर, योजनेच्या परिपत्रकात तो येतो तो निसर्गनियमासारखा, जणू पाणी शंभर अंशांना उकळतं तसा.

आणि मग त्यावर धोरणं उभी राहतात. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनांचं संकट येत असल्याचा इशारा दिला होता. गरीब देशांना प्रथिनयुक्त पीठं, पावडरी, मासळीचं पीठ पुरवण्याच्या कल्पना तेव्हा जोरात होत्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतले डॉ. गोपालन आणि आपले पां. वा. सुखात्मे यांनी भारतीय आहाराकडे बोट दाखवून सांगितलं, की ज्वारी-डाळ, तांदूळ-डाळ खाणाऱ्या माणसाला पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुतेक आपोआप पुरतात. कमी पडतं ते मुळात अन्नच. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या साऱ्या प्रथिन-प्रकरणाची जाहीर हजेरी घेतली.

सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. रोमला अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते, नंतर पुण्यात आले. आणि पुण्यातच त्यांचा जो वाद झाला, तो आजच्या विषयाचा गाभा आहे.

१९७१ साली गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' या अभ्यासात माणशी रोज २२५० उष्मांक हे माप धरलं. जेवढ्या मासिक खर्चाला सरासरीने तेवढं अन्न घरात येतं, तिथे रेघ मारली. १९६०-६१ च्या किमतींनी ती खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होती. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक असं माप घेतलं. देशात गरीब किती, या प्रश्नाचं सरकारी उत्तर कित्येक वर्षं या दोन आकड्यांना टांगलेलं होतं.

सुखात्म्यांचा आक्षेप साधा होता आणि, आमच्या मते, तर्काला धरून होता. उष्मांकांचा सरकारी आकडा ही सरासरी असते. क जीवनसत्त्वाचं तसं नाही. जीवनसत्त्वांचा शिफारस केलेला आकडा मुद्दाम वर ठेवतात, म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना तो पुरेल; जास्त झालं तर बहुधा बिघडत नाही. उष्मांक जास्त झाले तर चरबी होते, म्हणून तिथे सरासरीवर थांबतात. आता असं गाव कल्पा, की जिथे प्रत्येक जण आपल्या भुकेइतकं जेवतो आणि सगळे ठणठणीत आहेत. तिथेही साधारण निम्मी माणसं सरासरीच्या खालीच जेवणार! सरासरीचा अर्थच तो. मग सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी, असं मोजायचं कसं? सुखात्मे पुढे म्हणाले, की एकाच माणसाचा खर्चही आठवड्या-आठवड्याला बदलतो, शरीर स्वतःला जुळवून घेतं. म्हणून रेघ सरासरीच्या सुमारे तीस टक्के खाली हवी.

रेघ तीस टक्के खाली आणा, आणि देशातल्या उपाशी माणसांची संख्या कोसळते. कुणाच्याही ताटात अर्धी भाकरी न वाढता.

दांडेकरांच्या बाजूने म्हणता येईल, की त्यांची रेघ एकेका माणसाची नव्हतीच, ती खर्चाच्या गटाची होती. ज्या गटाचं सरासरी अन्नच कमी पडतं तो गट गरीब, यात तार्किक चूक नाही. पण खरा पेच सुखात्म्यांच्या दुसऱ्या पायरीत आहे. शरीर कमी अन्नावर निभावून नेतं, हे मान्य. कशाच्या मोलावर निभावतं? मूल खुजं राहतं, मजूर दुपारनंतर बसून राहतो, बाई आजारातून उशिरा उठते. ऐंशीच्या दशकात डेव्हिड सेक्लर या अर्थतज्ज्ञांनी 'लहान पण निरोगी' असा सिद्धान्तच मांडला, आणि त्यावर गोपालन तुटून पडले. खुजेपणा ही गरिबीची खूण आहे, तिला जुळवून घेणं म्हणायचं असेल तर श्रीमंतांच्या मुलांनाही ते लागू करा, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. इथे आम्ही गोपालन यांच्या बाजूला आहोत. 'किती लागतं' या प्रश्नाला 'कशासाठी' हे शेपूट जोडल्याशिवाय उत्तरच नाही. जिवंत राहायला? दिवसभर ऊस तोडायला? संध्याकाळी मुलीशी खेळण्याइतकी ताकद उरावी म्हणून? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, आणि यातलं कोणतं धरायचं हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ह्यूमने 'आहे' वरून 'असावे' निघत नाही असं म्हटलं, ते आम्ही वर्गात तीस वर्षं शिकवलं. इतकं ठसठशीत उदाहरण पाश्चात्त्य पुस्तकांत मिळालं नाही.

जाता जाता मोजमापाचं एक. कोण किती खातं हे नमुना सर्वेक्षणात घरोघरी विचारून कळतं : महिन्यात किती तांदूळ, किती तेल. बंगल्यातल्या किराण्यात मोलकरणीचं जेवण मोजलं जाण्याची शक्यता असते, आणि मोलकरणीच्या घरात तेच जेवण निसटू शकतं. हे सावरण्याचे प्रयत्न होतात, तरी दोन्हीकडचा आकडा थोडा वाकडाच राहतो. २००९ साली अँगस डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी दाखवलं, की जुनी २४००-२१०० ची मापं लावली तर तीन-चतुर्थांशांहून अधिक लोक त्याखाली येतात. शिवाय उत्पन्न वाढत असताना उष्मांक घटत होते. त्याच वर्षी तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी बांधलेली गाठ सोडली.

आता ताजं बघा. २०२४ च्या मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी १७ आहारसूत्रं प्रसिद्ध केली. दिवसाच्या ताटाचं चित्र त्यात आहे : निम्मं ताट भाज्या-फळांचं, मिळून ५०० ग्रॅम, धान्यातून येणारे उष्मांक ४५ टक्क्यांच्या वर नकोत. सल्ला उत्तम आहे. आमचा प्रश्न एवढाच, की तो कुणाला उद्देशून आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, दिवसाला १६७ ग्रॅम. कायद्याच्या कक्षेत खेड्यातले पाऊणशे टक्के आणि शहरातले पन्नास टक्क्यांपर्यंत लोक येतात. एक खातं सांगतं धान्य कमी करा, दुसरं खातं धान्याखेरीज फार काही देत नाही. पाच माणसांच्या घराला त्या चित्राप्रमाणे रोज अडीच किलो भाजी-फळं लागतील. उद्या मंडईत जाल तेव्हा अडीच किलोचा भाव काढा, त्याला तीसने गुणा, आणि तो आकडा तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या पगाराशेजारी लिहा. पुढच्या व्याख्यानाला येताना तो कागद आणा, तिथून पुढे बोलू.