सुपरमॅन, मुंगी आणि हॉल्डेन

दप्तरात कॉमिक सापडले की ते जप्त करायचे, हा अनेक शाळांतला जुना रिवाज. जप्त केलेले कॉमिक शिक्षकांनी एकदा वाचून पाहावे, अशी आमची सूचना आहे. आम्ही काही सुपरहीरो कॉमिक्स आणि विज्ञानाची काही पुस्तके शेजारी ठेवून वाचली. त्यातून बनलेली मते आडपडदा न ठेवता मांडत आहोत.

सुपरमॅन १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. तेव्हा त्याला उडता येत नसे. तो सुमारे २०० मीटरची उडी तेवढी मारी. त्याच्या बळाचे ‘शास्त्रीय’ कारणही तिथेच दिले आहे. मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन पेलते, नाकतोडा केवढी तरी उडी मारतो, मग परग्रहवासी सुपरमॅनला हे का जमू नये?

वाचताना हे पटते, पण ते चूक आहे. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १० पट केली, तर वजन १,००० पट होते. स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असल्याने १०० पटच वाढते. म्हणजे वजनाच्या मानाने ताकद एक दशांशच उरते. मुंगी बलवान दिसते ती लहान असल्यामुळे. माणसाएवढी झाली तर तिला स्वतःचे शरीरही पेलणार नाही.

हे काही नवे ज्ञान नव्हते. गॅलिलिओने १६३८ मध्येच प्राण्यांच्या हाडांचे उदाहरण घेऊन ते मांडले होते. जे. बी. एस. हॉल्डेन यांचा ‘ऑन बीइंग द राइट साइझ’ हा निबंध १९२६ चा. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. त्यांचा हा निबंध छोटा, मिस्कील आणि वर्गात वाचून दाखवावा असा आहे. शेवटी ते प्राण्यांवरून राज्यव्यवस्थेच्या आकाराकडे वळतात, तो भाग आम्हाला ओढूनताणून आणलेला वाटला.

आता दुसरे टोक पाहू. १९७३ च्या एका अंकात स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन पुलावरून खाली पडते. तो तिला जाळ्याने मध्येच अडवतो, तरीही ती दगावते. भौतिकशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी ‘द फिजिक्स ऑफ सुपरहीरोज’ (२००५) या पुस्तकात याच प्रसंगाची चिकित्सा केली आहे. आपणही हिशेब करू. हवेचा विरोध सोडून दिला, तर ९० मीटर पडल्यावर वेग सेकंदाला ४२ मीटर होतो. अर्ध्या सेकंदात थांबवायचे, तर गुरुत्वत्वरणाच्या साडेआठ पटींहून अधिक मंदन हवे. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे का नेतो, याचे उत्तर यातच आहे. काकालिओस यांच्या पुस्तकाचा यांत्रिकीचा भाग फार रंगतो. पुंजभौतिकीकडे गेल्यावर ते जड होते आणि कथानकांचे पाल्हाळही जाणवते.

मराठीत जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा जरूर वाचावी. माणसाची आरशातील प्रतिमा बनू शकते, एवढी एकच अशक्य गोष्ट लेखक मान्य करायला लावतो. पुढचे सारे त्यातून तर्काने निघते. पात्रे फारशी मनात राहत नाहीत, पण कल्पना राहते.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. ‘मुंगी माणसाएवढी असती तर तिने मोटार उचलली असती’ अशा धाटणीची वाक्ये सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांतही असतात. कॉमिक निदान स्वतःला गोष्ट म्हणवते. या पुस्तिका तेच ‘माहिती’ म्हणून देतात. त्या कोणी जप्त करत नाही, उलट बक्षीस म्हणून देतात. पुस्तक मुखपृष्ठावरून न पारखता, त्यातले विधान मुलांना तपासून पाहता येते का, यावरून पारखावे.

अकरावीच्या वर्गासाठी एक उदाहरण देतो. सुपरमॅनने ४५ अंशांच्या कोनात २०० मीटर लांब उडी घेतली, तर जमीन सोडताना त्याचा वेग किती असेल? उत्तर सेकंदाला सुमारे ४४ मीटर येते. एवढा वेग मिळवताना पायांखालच्या फरशीचे काय होईल, ते मुलांना ठरवू द्यावे.