'लेट इट बी'चे पाठभेद

बीटल्स या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची 'लेट इट बी' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका ८ मे १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी जमविलेल्या त्याच सामग्रीतून सिद्ध झालेल्या आणखी दोन संहिता पुढे अधिकृतपणे श्रोत्यांच्या हाती आल्या. २००३ मध्ये 'लेट इट बी... नेकेड' या नावाची संहिता निघाली. आणि १९६९ मध्येच सिद्ध होऊन अप्रकाशित राहिलेली ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांची संहिता २०२१ मध्ये प्रकाशात आली. या तिन्ही संहितांविषयी एक मत आता रूढ झाले आहे. १९७० ची प्रत निर्माता फिल स्पेक्टर याच्या प्रक्षेपांनी भ्रष्ट झाली असून २००३ ची प्रत त्या प्रक्षेपांपासून मुक्त, म्हणून शुद्ध होय, असे ते मत आहे. ध्वनिमुद्रणाच्या बैठकींचा तपशील क्रमाने पाहिला असता हे मत अर्धेच खरे असल्याचे दिसून येते. आणि जो अर्धा भाग खोटा ठरतो त्यातच या आल्बमच्या अभ्यासाचे खरे महत्त्व आहे.

प्रथम संकल्पाचा विचार केला पाहिजे. १९६६-६७ मध्ये या वाद्यवृंदाने जाहीर कार्यक्रम थांबवून स्टुडिओलाच आपले वाद्य बनविले होते. एका फितीवर वाद्ये, तीवर गळा, त्यावर पुन्हा तंतुवाद्ये असे थरावर थर चढवून गाणे रचण्याची पद्धती 'सार्जंट पेपर' या १९६७ च्या आल्बमात परिणतीस गेली. जानेवारी १९६९ मधील संकल्प याच्या अगदी उलट होता. चौघांनी एकत्र बसून वाजवावे, जे वाजेल ते तसेच मुद्रित व्हावे, मागाहून कोणतीही भर घालू नये, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. या तालमींचे चित्रीकरणही व्हावयाचे होते आणि शेवटी एक जाहीर कार्यक्रम करावयाचा होता.

२ जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या ट्विकनॅम चित्रपट-स्टुडिओत तालमी सुरू झाल्या. ही जागा संगीताची नव्हे. प्रशस्त, थंड चित्रीकरण-मंच, सकाळची वेळ, भोवती मायकेल लिंडसे-हॉग यांचे कॅमेरे, आणि ध्वनीची नोंद घेण्यास चित्रीकरणासाठी लागणारी एकपदरी ध्वनिफीत एवढीच. १० जानेवारीस जॉर्ज हॅरिसन वाद्यवृंद सोडून निघून गेला. तो परतला तो काही अटींवर. ट्विकनॅम सोडावयाचे आणि जाहीर कार्यक्रमाचा बेत रद्द करावयाचा या त्यांपैकी प्रमुख. या पंधरवड्यातील एकही गाणे आल्बमवर आले नाही. तथापि त्याची छाया आल्बमवर कशी पडली हे पुढे दिसेल.

२१ जानेवारीपासूनच्या बैठकी सॅव्हिल रो मार्गावरील अॅपल कंपनीच्या तळघरात झाल्या. तेथे अॅपलने बांधवून घेतलेला नवा स्टुडिओ निरुपयोगी ठरला आणि ई. एम. आय. कंपनीकडून यंत्रसामग्री उसनी आणावी लागली, हा प्रकार गमतीचा आहे. परंतु त्याच्या कथनात चरित्रकारांनी जेवढी पाने खर्च केली तेवढे त्याचे महत्त्व नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, येथे प्रथमच आठ-पदरी फितीवर मुद्रण झाले. २२ जानेवारीस बिली प्रेस्टन हा अमेरिकन वादक इलेक्ट्रिक पियानोवर येऊन बसला, आणि तेव्हापासून वादनाला जो उठाव आला तो फितींवर स्पष्ट ऐकू येतो. मागाहून भर घालावयाची नाही असा नियम असताना चौघांच्या हातून न भरणारी जागा पाचव्याने जागच्या जागी भरून काढली. ३० जानेवारीस याच इमारतीच्या गच्चीवर सुमारे ४२ मिनिटांचे वादन झाले, ते पोलीस वर येईपर्यंत. आल्बमवरील तीन गाणी त्या गच्चीवरची आहेत. दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीस, गच्चीवर वाजविता न येण्यासारखी पियानोप्रधान व संथ गाणी तळघरात मुद्रित करण्यात आली.

एवढ्यावर सामग्री पुरी झाली, परंतु ग्रंथ झाला नाही. एकेका गाण्याचे अनेक टेक फितींवर होते आणि त्यांपैकी प्रमाण कोणता हे कर्त्यांनी ठरविलेच नाही. फितींचा ढीग ग्लिन जॉन्सच्या हाती देऊन ते दुसऱ्या आल्बमकडे वळले. तो 'अॅबी रोड' हा आल्बम सप्टेंबर १९६९ मध्ये प्रसिद्धही झाला, आणि आधी मुद्रित झालेला 'लेट इट बी' त्याच्या मागून निघाला. कर्त्यांच्या हातची अंतिम प्रत येथे अस्तित्वातच नाही, ही गोष्ट सर्व वादात विसरली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी आपण व्यासांचा मूळ ग्रंथ देत असल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे पोहोचता येईल तेवढ्या जुन्या रूपापर्यंत जावयाचे, एवढीच मर्यादा त्यांनी घालून घेतली. 'लेट इट बी'च्या संपादकांपैकी एकानेही असा विनय दाखविलेला नाही.

आता नियमभंगाचा प्रश्न. 'लेट इट बी' हे शीर्षकगीत ३१ जानेवारी १९६९ चे. त्यावर ३० एप्रिल १९६९ रोजी हॅरिसनने गिटारचा एकल भाग नव्याने वाजवून चढविला. ४ जानेवारी १९७० रोजी पितळी वाद्ये, चेलो, साथीचे गळे आणि गिटारचा आणखी एक एकल भाग यांची भर पडली. त्या दिवशी निर्माता होता जॉर्ज मार्टिन. स्पेक्टरचा या सामग्रीशी अद्याप संबंधही आलेला नव्हता. मार्च १९७० मध्ये निघालेल्या लहान तबकडीवर एप्रिलचा एकल भाग आहे, तर मे महिन्यातील आल्बमवर जानेवारीचा. टेक एकच, गळा एकच, आणि तरीही गाण्याच्या मध्यभागी दोन भिन्न पाठ. दोन्ही पाठ हॅरिसनच्याच हातचे असल्यामुळे एकास मूळ व दुसऱ्यास प्रक्षिप्त म्हणावयाची सोय नाही.

'आय मी माइन'चे उदाहरण याहूनही बोलके आहे. हे गाणे ट्विकनॅमच्या तालमीत वाजविले गेले, परंतु तेथे योग्य मुद्रण नव्हते आणि सॅव्हिल रोमध्ये ते मुद्रित झाले नाही. चित्रपटात मात्र त्याची तालीम दिसणार होती. म्हणून ते आल्बमवर असणे आवश्यक ठरले. परिणामी ३ जानेवारी १९७० रोजी, लेननच्या अनुपस्थितीत, तिघांनी ते मुद्रित केले. सुमारे दीड मिनिटाचे हे गाणे स्पेक्टरने त्यातील एक भाग पुन्हा जोडून जवळजवळ अडीच मिनिटांचे केले. 'अॅक्रॉस द युनिव्हर्स' तर त्याहून जुने. ते फेब्रुवारी १९६८ चे. एका धर्मार्थ संग्रहात डिसेंबर १९६९ मध्ये ते पक्ष्यांचे आवाज जोडून आणि फितीची गती वाढवून प्रसिद्ध झाले होते. जानेवारी १९६९ चा नियम काटेकोरपणे लावावयाचा तर ही दोन्ही गाणी आल्बममध्ये बसतच नाहीत. ती तेथे आली ती चित्रपटाच्या सोयीसाठी.

थर चढविणे म्हणजे अप्रामाणिकपणा, ही समजूतही येथे तपासून घ्यावयास हवी. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसनने मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत भारतीय वादकांकडून 'द इनर लाइट'चा वाद्यांचा भाग मुद्रित करून घेतला आणि पुढील महिन्यात लंडनमध्ये त्यावर आपला गळा चढविला. वाद्ये एका खंडात, गायन दुसऱ्या खंडात, मध्ये काही आठवड्यांचे अंतर. तथापि या गाण्याला कोणी बनावट म्हटले नाही, आणि म्हणू नयेही. दोष थरात नसतो. तो थर कोणाच्या इच्छेने चढला, हाच प्रश्न आहे.

स्पेक्टरच्या कामाचे परीक्षण याच कसोटीवर व्हावयास हवे. मार्च १९७० च्या अखेरीस जॉन लेनन, हॅरिसन आणि व्यवस्थापक अॅलन क्लाइन यांच्या संमतीने फिती त्याच्याकडे गेल्या. १ एप्रिल रोजी त्याने तीन गाण्यांवर वाद्यवृंद चढविला. त्यांपैकी दोहोंवर चौदा स्त्रियांचा गायकवृंदही. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या पॉल मॅकार्टनीच्या गाण्याला त्यामुळे जो जडपणा आला तो नाकारण्यात अर्थ नाही. हार्पचे झंकार ओळीओळीच्या शेवटी येतात आणि मूळ पियानोतील संकोच, जो त्या गाण्याचा प्राण होय, बुजून जातो. 'अॅक्रॉस द युनिव्हर्स'मध्ये मात्र मूळ गतीपेक्षा संथ केलेला लेननचा आवाज आणि मागील तंतुवाद्यांचा पडदा यांचा मेळ बसला आहे. ते पक्ष्यांच्या किलबिलाटासह ऐकण्यापेक्षा या रूपात ऐकणे केव्हाही श्रेयस्कर.

परंतु स्पेक्टरने आल्बममधील बहुतेक गाण्यांना वाद्यवृंद लावलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. 'टू ऑफ अस', 'डिग अ पोनी', 'आय हॅव्ह गॉट अ फीलिंग', 'वन आफ्टर ९०९' ही गाणी त्याने जवळजवळ होती तशी ठेविली. गाण्यांमधील हास्यविनोद, सूर जुळविताना निघालेले शब्द हेही त्याने टिपले. त्याचा खरा चलाखपणा दिसतो तो 'गेट बॅक'मध्ये. हा टेक २७ जानेवारीचा, तळघरातला. स्पेक्टरने त्याच्या आरंभी स्टुडिओतील बोलणे आणि शेवटी गच्चीवर लेननने श्रोत्यांचे आभार मानताना केलेला विनोद जोडला. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की, आपण गच्चीवरचेच वादन ऐकत आहोत. एकही स्वर न वाढविता केलेला हा प्रक्षेप वाद्यवृंदाच्या प्रक्षेपापेक्षा अधिक मूलगामी आहे. तथापि त्याविरुद्ध कोणी तक्रार केलेली नाही. कारण तो कानास गोड लागतो.

तक्रार झाली ती १४ एप्रिल १९७० च्या मॅकार्टनीच्या पत्रात. तंतुवाद्ये, पितळी वाद्ये आणि गळे यांचा आवाज कमी करावा, हार्प काढून टाकावी, आणि असे पुन्हा कधी करू नये, अशी मागणी त्याने क्लाइनकडे केली. मागणी मान्य झाली नाही, आणि वर्षअखेरीस त्याने भागीदारी विसर्जित करण्यासाठी न्यायालयात जो दावा लावला त्यात या प्रकरणाचाही उल्लेख झाला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करून पुढे कोणी तीत भर घालू नये अशी ताकीद दिली होती; परंतु ती ताकीद देताना मूळ कर्ता तीन शतके आधी समाधिस्थ झालेला होता. येथे कर्ता हयात आहे, त्याच शहरात आहे, पत्र लिहीत आहे, आणि तरीही त्याच्या गाण्याचा पाठ त्याला न विचारता ठरतो. मॅकार्टनीचे गाऱ्हाणे सौंदर्यदृष्टीचे नसून अधिकाराचे होते असे मानले, म्हणजे त्याने स्वतः त्यापूर्वी तंतुवाद्यांचा सढळ उपयोग का केला होता हा आक्षेप आपोआप गळून पडतो.

२००३ च्या संहितेने हे गाऱ्हाणे दूर केले. वाद्यवृंद गेला, गायकवृंद गेला. पण त्यांबरोबर सारे संभाषणही गेले, दोन लहान तुकडे गेले, आणि 'डोन्ट लेट मी डाउन' हे गाणे आत आले. जी संहिता 'विवस्त्र' म्हणविते तिने 'आय हॅव्ह गॉट अ फीलिंग' आणि 'डोन्ट लेट मी डाउन' ही दोन्ही गाणी गच्चीवरील दोन-दोन आवृत्तींचे भाग जोडून तयार केली आहेत. 'आय मी माइन' स्पेक्टरने वाढविलेल्या लांबीचेच ठेविले आहे. अर्थात् प्रक्षेपकाचे नाव पुसले, त्याची एक युक्ती मात्र राखली. संपादनाचा हा प्रकार गैर नाही. परंतु महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संहितेबाहेर काढलेले श्लोक टीपांत आणि परिशिष्टांत छापलेले आहेत, ज्यास हवे त्याने पाहावेत म्हणून. २००३ च्या संहितेसोबत जी जादा तबकडी दिली ती संभाषणांचे विखुरलेले तुकडे ऐकवते. जोड कोठे दिले हे ती सांगत नाही.

जॉन्सची संहिता नियमाशी सर्वांत इमानी, आणि ऐकण्यास सर्वांत ओबडधोबड. त्याने चुकलेले आरंभ, थांबलेली वादने ठेविली. 'डिग इट' हा स्वैर वादनाचा तुकडा, जो आल्बमवर ५० सेकंदांचा आहे, त्याला त्याने सुमारे चार मिनिटे दिली. मे १९६९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी १९७० मध्ये त्याने आपली संहिता कर्त्यांपुढे ठेविली, आणि दोन्ही वेळा ती नाकारली गेली. स्वतःच्या नियमाचे तंतोतंत फळ त्यांना पाहवले नाही, असेच म्हणावे लागते.

या जॉन्सकडूनच एक निवड स्पेक्टरकडे आली, आणि 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'चे पुढील सारे रामायण तिच्यातून घडले. जॉन्सने या गाण्याचा २६ जानेवारीचा टेक घेतला होता. त्यात लेननने वाजविलेल्या बास गिटारमध्ये अनेक चुका आहेत. स्पेक्टरने तोच टेक उचलला. आणि तंतुवाद्यांचा एवढा मोठा थर कशासाठी, याचे एक कारण त्या चुकांत शोधणारे टीकाकार निराधार म्हणता येत नाहीत. ३१ जानेवारीचा अधिक सफाईचा टेक त्याच फितींत होता. २००३ च्या संपादकांनी तो घेतला आणि तो नवा शोध म्हणून वाखाणला गेला. परंतु मे १९७० मध्ये, आल्बम दुकानांत आला त्याच महिन्यात, 'लेट इट बी' हा चित्रपट न्यूयॉर्क व लंडन येथे प्रदर्शित झाला. त्यात मॅकार्टनी पियानोशी बसून हे गाणे म्हणतो ते ३१ जानेवारीचे आहे, हार्पविना आणि गायकवृंदाविना. चित्रपट पाहून घरी येऊन तबकडी लावणाऱ्या श्रोत्याच्या हाती दोन्ही पाठ पहिल्याच महिन्यात आले होते.