एकाच फोटोवर भिंगाचा निवाडा

डोळ्यांवर नेम धरून काढलेल्या छायाचित्रात डोळे धूसर आणि कान मात्र रेखीव आले, की कॅमेरा बाळगणारा हल्ली एकच निदान करतो : भिंगाचा फोकस ‘मागे पडतो’. त्यावरचा उपायही सर्वांना पाठ असतो. मोजपट्टी तिरकी ठेवायची, तिच्या मधल्या आकड्यावर ऑटोफोकस लावायचा, एक फोटो काढायचा, कोणता आकडा सर्वांत रेखीव आला ते पाहायचे आणि कॅमेऱ्यात दुरुस्तीचा आकडा भरून मोकळे व्हायचे. कॅननने ही दुरुस्तीची सोय २००७ मध्ये ईओएस-१डी मार्क ३ या कॅमेऱ्यात दिली, निकॉनने त्याच वर्षी डी३ आणि डी३०० मध्ये. सोय चांगलीच आहे. पण ती वापरण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती मोजमापाचे जवळजवळ सगळे नियम मोडते. प्रयोगशाळेत स्क्रू गेज हाताळायला शिकवणाऱ्या शिक्षकांना हे चटकन दिसावे, म्हणून हा प्रपंच.

आधी दुरुस्तीची गरज का पडते ते पाहू. आरशाच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश मुख्य आरशावर पडतो. त्यातला बराचसा वर, डोळा लावतो त्या खिडकीकडे जातो. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. तेथून पार गेलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर आपटून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-संवेदकाकडे वळतो. म्हणजे फोकस मोजला जातो एका ठिकाणी आणि चित्र उमटते दुसऱ्याच ठिकाणी. दोन्ही वाटांची लांबी तंतोतंत सारखी असेल तरच एकीवरचा निष्कर्ष दुसरीला लागू पडणार.

तंतोतंत म्हणजे किती? ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग एफ/१.८ वर पूर्ण उघडे आहे आणि ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूसारखाच वाटतो, असे धरू. मग प्रतिमा जेथे रेखीव राहते त्या पट्ट्याची एकूण जाडी सुमारे ०.११ मिलिमीटर भरते. वहीच्या एका कागदाएवढी! छोटा आरसा बिजागरीवर किंचित हलला, तरी एवढा फरक पडू शकतो. तेव्हा कारखान्यातून आलेल्या प्रत्येक कॅमेऱ्याची आणि प्रत्येक भिंगाची जोडी अचूक जुळेलच असे नाही. ही झाली त्या जोडीची शून्य त्रुटी.

तळाचा संवेदक हे मोजतो कसे, ते वर्गात सहज दाखवता येते. एका पुठ्ठ्याला दोन लहान भोके पाडून तो बहिर्गोल भिंगासमोर धरा, आणि दूरच्या दिव्याची प्रतिमा पडद्यावर घ्या. पडदा योग्य जागी असेल तर एकच प्रतिमा दिसेल. तो पुढे-मागे सरकवला की प्रतिमेच्या दोन होतात. आता उजवे भोक बोटाने झाका. पडदा भिंगाच्या फार जवळ असेल तर उजवी प्रतिमा नाहीशी होते, फार दूर असेल तर डावी, कारण मधल्या जागेत किरणांनी एकमेकांना ओलांडलेले असते. क्रिस्टोफ शायनर या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने १६१९ मध्ये डोळ्याच्या अभ्यासासाठी ही युक्ती वापरली होती. कॅमेऱ्यातला संवेदक हेच करतो. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या दोन प्रतिमांमधले अंतर तो मोजतो, आणि भिंग कोणीकडे व किती सरकवायचे ते त्यावरून ठरवतो. भौतिकशास्त्राच्या तासाला याहून स्वस्त आणि बोलका प्रयोग क्वचितच मिळेल.

आता मोजपट्टीकडे वळू. कॅमेऱ्यातल्या खिडकीत फोकस-बिंदूची जी चौकट दिसते, तिच्यापेक्षा संवेदकाची खरी व्याप्ती बहुधा मोठी असते. तिरक्या पट्टीवर त्या व्याप्तीत पुढचे-मागचे अनेक आकडे येतात. कॅमेऱ्याने त्यांपैकी कोणता पकडला हे आपल्याला कळत नाही, आणि तरीही ‘मधला पकडला’ असे गृहीत धरून आपण त्याला दोष देतो. लक्ष्य सपाट आणि संवेदकाला समांतर हवे. पट्टी त्याच्या शेजारी, केवळ वाचनासाठी ठेवावी. पट्टी ४५ अंशांत कललेली असेल तर तिच्यावरील अंतराला सुमारे ०.७ ने गुणावे लागते, हेही सहसा कोणी सांगत नाही.

दुसरी गफलत जास्त खोल आहे. रेखीव भागाचा एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे असतो, असा एक नियम छायाचित्रणाच्या पुस्तकांतून सर्रास दिला जातो. वरचेच भिंग घेऊन २ मीटरवर गणित केले, तर रेखीव भाग १.९२ मीटरपासून २.०९ मीटरपर्यंत पसरतो. पुढे सुमारे ८ सेंटिमीटर, मागे ९. जवळपास निम्मे निम्मे! एकास दोन हे प्रमाण याच भिंगाला मिळते ते साधारण १५ मीटरवर. म्हणून त्या नियमावर विसंबून पट्टी वाचणारा माणूस बिनचूक भिंगालाही पुढे पडणारे ठरवील.

पण माझा मुख्य आक्षेप आहे तो एका वाचनावर. स्क्रू गेजचे एकच वाचन घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण परत पाठवतो. ऑटोफोकसही दर वेळी थोडा वेगळ्या जागी थांबतो. समजा, दहा फोटोंत फोकस पुढे ४ सेंटिमीटरपासून मागे ५ सेंटिमीटरपर्यंत विखुरला आणि सरासरी मागे १ सेंटिमीटर आली. दहाही फोटो रेखीवपणाच्या मर्यादेत आहेत. आता एखाद्याने एकच फोटो काढला, तो नेमका ‘मागे ५’ निघाला आणि त्याने तेवढी दुरुस्ती भरली. सरासरी आता पुढे ४ वर गेली, आणि विखुरण्याचे एक टोक पुढे ९ वर, म्हणजे मर्यादेबाहेर! चांगली जोडी त्याने स्वतःच्या हाताने बिघडवली. वर ‘दुरुस्त केली आहे’ हे समाधान असल्यामुळे पुढचे धूसर फोटो तो हाताच्या थरथरीवर ढकलतो.

निदान दहा फोटो काढावेत. पाच वेळा भिंग आधी अनंत अंतरावर नेऊन सुरुवात करावी, पाच वेळा अगदी जवळ आणून. स्क्रूच्या आट्यांत ढिलाई असते तशी भिंग हलवणाऱ्या यंत्रणेतही असू शकते, आणि ती एकाच दिशेने घेतलेल्या वाचनांत दडून राहते. कॅमेरा तिकाटण्यावर हवा, अंतर नाभीय अंतराच्या सुमारे ५० पट, आणि प्रकाश नेहमी ज्यात फोटो काढतो तसा. पिवळ्या दिव्याखाली केलेली दुरुस्ती उन्हात चुकू शकते, कारण भिंग सगळ्या रंगांना अगदी एकाच जागी आणत नाही. शेवटी सरासरी विखुरण्याच्या मानाने लहान असेल, तर आकडा शून्यावरच ठेवावा.

उत्पादकांनाही मोकळे सोडता येत नाही. दुरुस्तीची पट्टी उणे २० ते अधिक २० अशी असते. वीस काय? मिलिमीटर नव्हे, सेंटिमीटर नव्हे; नुसत्या पायऱ्या. एककाशिवाय उत्तर लिहिले तर आपण मुलाचा गुण कापतो. शिवाय झूम भिंगाची त्रुटी दोन टोकांना वेगळी असू शकते. त्यासाठी दोन आकडे भरण्याची सोय कॅननने २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये दिली, तोवर एकाच आकड्यावर भागवावे लागे. निकॉनच्या डी५ आणि डी५०० या २०१६ च्या कॅमेऱ्यांत दुरुस्ती कॅमेरा स्वतःच करतो. मुख्य संवेदकावरचा फोकस प्रमाण मानून तळाच्या संवेदकाचे उत्तर तो त्याच्याशी ताडून पाहतो. कल्पना उत्तम आहे. पण ही कृतीही एका वेळी एकच वाचन घेते, तेव्हा ती पुन्हा पुन्हा करून सरासरी काढण्याचे काम आपल्याकडेच राहते.

तपासणीचे साधनच चुकले तर काय होते, याचे याहून फार महागडे उदाहरण आहे हबल दुर्बिणीचे. तिच्या आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणात एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. त्या उपकरणाच्या साक्षीने आरसा अतिशय काळजीपूर्वक, पण चुकीच्या आकारात घासला गेला. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट झाला. दुसऱ्या, साध्या चाचण्यांत गडबड दिसली होती, पण अधिक अचूक मानलेल्या उपकरणापुढे त्यांचे कोणी ऐकले नाही. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर तारे धूसर दिसू लागले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारक प्रकाशयंत्रणा बसवली.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत फोकस मुख्य संवेदकावरच मोजला जातो, त्यामुळे दोन वाटांचा प्रश्न तेथे उरत नाही. शाळांच्या कपाटांत आणि जुन्या मालाच्या दुकानांत मात्र आरशाचे कॅमेरे अजून पुष्कळ आहेत. असा एखादा हाती आला, तर दुरुस्तीचा आकडा भरण्यापूर्वी आठवी-नववीच्या मुलांकडून दहा वाचने घेऊन ती फळ्यावर मांडून घ्यावीत.