गेंड्याच्या अंगावरच्या रेघा

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. अल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा, लाकडी ठशावरून छापलेला, साल १५१५.

हा गेंडा आपल्या बाजूचा. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहाने तो पोर्तुगीजांना दिला. जानेवारी १५१५मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. त्या वेळी इथे नगरात बुऱ्हाण निजामशाह गादीवर होता. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने हे जनावर पाहिलंच नाही. त्याच्या हाती आलं ते एक वर्णन आणि एक कच्चं रेखाटन.

आता तंत्र बघा. लाकडी ठशात रेघ कोरत नाहीत, राखतात. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. जे उंच उरतं त्यालाच शाई लागते. एक तर काळं, नाही तर कोरा कागद. मधला करडा रंग नाहीच. सावली हवी असेल तर रेघा दाट करायच्या. त्यामुळे कोणती रेघ राखायची, हे आधीच ठरवावं लागतं.

ड्यूररने कातडीच्या घड्यांना अशा ठळक कडा दिल्या, की त्या चिलखताचे पत्रे वाटतात. पायांवर खवले काढले, मानेमागे एक जादा शिंग बसवलं. जमीन जेमतेम, मागे कोरा कागद. सगळा काळेपणा जनावराच्या अंगावर. म्हणून ते बलाढ्य दिसतं, कुणाच्याही ताब्यात नसलेलं.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही हाच गेंडा केला. त्याची कातडी कातडीसारखी आहे, आणि पायांत बंधन आहे. त्या ठशाची आज एकच प्रत उरलीय, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात. ड्यूररचा गेंडा मात्र पुनःपुन्हा छापला गेला, आणि युरोपात पुढची दोनशे वर्षं तोच खरा मानला गेला.

टीकाकार ड्यूररचं जादा शिंग मोजत बसतात. मला ते खटकत नाही. खटकतं ते न दिसणारं बंधन. कारण १५१६च्या सुरुवातीला, पोपकडे नजराणा म्हणून नेताना, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने जखडलेला हा गेंडा बुडून मेला. ड्यूररच्या रेघांनी त्याला चिलखत दिलं, पण त्याची कैद पुसली.

आता दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवतो. शिंगाकडे नको, पायांकडे बघा.