जलताळेबंदाची प्रतिमाने आणि तेरणेचे खोरे

पाणलोट क्षेत्रावर पडलेल्या पावसापैकी किती पाणी वाहून जाते, किती वाफ होऊन उडते आणि किती भूगर्भात मुरते, याची गणिताने फोड करणे हे जलशास्त्रीय प्रतिमानाचे कार्य होय. नदीच्या मोजलेल्या प्रवाहाशी गणिताचे उत्तर जुळले की प्रतिमान सिद्ध झाले, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. धाराशिव जिल्ह्यातील तेरणेच्या खोऱ्याचा विचार केला असता ही कसोटी अपुरी ठरते.

इंग्लिस व डिसूझा यांनी दख्खनच्या पठारासाठी १९२९ मध्ये मांडलेले सूत्र हे या प्रतिमानांचे साधे पूर्वरूप. वार्षिक पावसाच्या सेंटिमीटरांतून १७.८ वजा करून बाकीस पावसाने गुणावे व २५४ ने भागावे, म्हणजे अपधाव मिळतो. ७० सेंटिमीटर पावसास तो सुमारे १४.४, तर ५० सेंटिमीटर पावसास सुमारे ६.३ सेंटिमीटर येतो. पाऊस दोन-सप्तमांशाने घटताच अपधाव निम्म्याहून अधिक घटतो. अवर्षणात तलाव कोरडे का राहतात, याचे मर्म येथे नेमके सापडते. परंतु उरलेल्या ५५.६ सेंटिमीटरांचे काय झाले, याविषयी सूत्र मौन पाळते.

अमेरिकेत १९९० च्या दशकात विकसित झालेले ‘स्वॅट’ हे प्रतिमान दिवसागणिक हिशेब मांडून हे मौन मोडते. तथापि त्यातील गुणांक इतके अनेक आहेत की, त्यांचे भिन्न संच नदीचा जवळजवळ तोच प्रवाह देऊ शकतात. या दोषाकडे कीथ बेव्हन यांनी लक्ष वेधले आहे. एका संचात जे पाणी विहिरीस मिळते, तेच दुसऱ्यात उसाच्या पानांतून उडून जाते. नदीच्या आलेखात हा भेद दिसत नाही.

सखल पाणलोटांसाठी नेदरलँड्समध्ये रचलेले आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘वॉलरस’ हे प्रतिमान उथळ भूजल गृहीत धरते. तेरणाकाठची काळी जमीनही सपाट आहे. पण तिच्याखाली बेसाल्टचे थर असून उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. येथील सखलपणा भूरूपाचा आहे, जलस्थितीचा नव्हे. शिवाय भेगाळलेली माती पहिला पाऊस गिळते आणि तीच फुगून भेगा मिटल्यावर पाणी वाहू देते. एकच स्थिर गुणांक या दोन्ही अवस्थांना न्याय देऊ शकत नाही.

खरी अडचण भूजलाच्या रकान्यात आहे. बेसाल्टचा विशिष्ट जलउतारा साधारणतः १ ते ३ टक्के धरतात. पावसाळ्यात विहिरीची पातळी ५ मीटर चढली, तर साठ्यातील वाढ ५ सेंटिमीटरही असू शकेल आणि १५ सेंटिमीटरही. म्हणजे ही अनिश्चितताच ७० सेंटिमीटर पावसाच्या वर्षातील अपधावाच्या तोडीची आहे.

म्हणून प्रतिमानाची परीक्षा प्रवाहाबरोबरच निरीक्षण विहिरींच्या पातळीवरही व्हावी. चांगल्या पावसाच्या वर्षांवर बेतलेले गुणांक २०१२ व २०१५ यांसारख्या अवर्षणाच्या वर्षांत पारखले जावेत. आणि उत्तर एका आकड्याऐवजी मर्यादांसह मांडले जावे. एखादे पाणलोट ‘सुरक्षित’ की ‘अतिशोषित’, हे अशाच ताळेबंदावर ठरते. तेथील चुकीच्या आकड्याचा भार कागदावर राहत नाही. तो नव्या विहिरीसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्यावर पडतो.