‘शिवाजी कोण होता?’ : प्रश्नाची रीत आणि उत्तराच्या मर्यादा

विज्ञानाच्या मासिकात इतिहासाच्या पुस्तिकेचे परीक्षण कशासाठी, असे काही वाचक विचारतील. पण गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका आमच्या मते वर्गात वापरण्याजोगी आहे, आणि ती इतिहासाच्या तासापेक्षा विज्ञानाच्या तासाला अधिक कामाची आहे. एखादे प्रचलित विधान घ्यायचे, ते खरे असेल तर काय काय दिसायला हवे हे ठरवायचे आणि मग तसे दिसते का ते पाहायचे, ही रीत आपण मुलांना प्रयोगशाळेत शिकवतो. पानसऱ्यांनी हीच रीत महाराष्ट्रातल्या सर्वांत हळव्या विषयाला लावली.

पुस्तिका १९८८ साली निघाली. भाषणातून तयार झालेली, शंभरएक पानांच्या आतली, कामगाराला आणि कॉलेजातल्या मुलाला एका बैठकीत वाचता येईल अशी. तिच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत ती गेली. लेखक कोल्हापूरचे वकील आणि कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते. या शहरात शिकायला आल्यावर पडेल ते काम करत त्यांनी दिवस काढले, त्यात नगरपालिकेच्या शाळेतली मास्तरकीही होती. पुस्तिकेची भाषा वाचताना तो मास्तर जागोजागी दिसतो. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना कोल्हापुरात त्यांच्यावर आणि त्यांच्या पत्नीवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्यानंतर या पुस्तिकेविषयी शांतपणे बोलणे अवघड झाले. एका बाजूला ती न वाचताच निषिद्ध ठरते, दुसऱ्या बाजूला ती पूज्य होते आणि तिच्यातली चूक दाखवणे म्हणजे मारेकऱ्यांना मदत करणे असे वाटू लागते. ती चिकित्सेसाठी लिहिलेली आहे. तिचीही चिकित्सा व्हावी हेच योग्य.

पुस्तिका ज्या विधानाची परीक्षा घेते ते थोडक्यात असे : शिवाजी महाराजांचा लढा हा हिंदूंचा मुसलमानांशी लढा होता. हे खरे असेल तर एका बाजूला सगळे हिंदू आणि दुसऱ्या बाजूला सगळे मुसलमान दिसायला हवेत. तसे दिसत नाही. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. महाराजांना पुरंदरचा तह करायला लावणारा मिर्झाराजा जयसिंह हा रजपूत, आणि त्याने या मोहिमेत यश यावे म्हणून कोटिचंडीचे अनुष्ठान बसवले असे सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे महाराजांचा पराभव व्हावा म्हणून मंत्र म्हणणारे ब्राह्मण त्या वेळी होते. उलट महाराजांच्या आरमारात दौलतखान होता आणि फारसी पत्रव्यवहारात काझी हैदर होता.

कोल्हापूरच्या मुलांना यातले एक उदाहरण घराजवळच सापडेल. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला हे प्रत्येकाला पाठ असते. तो वेढा उठवण्यासाठी बाहेरून चालून आलेल्या मराठी फौजेत नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता, आणि त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात हे आले आहे. कोल्हापूरपासून वीस किलोमीटरवरच्या एका डोंगराखाली दोन सिद्दी दोन बाजूंनी लढले. सहलीला गेलेल्या किती मुलांना हे कोणी सांगितले असेल?

पुस्तिकेचा याहून भक्कम भाग रयतेविषयीचा आहे. रांझ्याच्या पाटलाला झालेली शिक्षा, वतनदारांवरचा वचक, जमिनीची मोजणी आणि साऱ्याची निश्चिती, सैन्याने उभ्या पिकाला हात न लावण्याची ताकीद. महाराज मोठे का, याचे उत्तर पानसरे इथे शोधतात, आणि ते कागदपत्रांवर टिकणारे आहे. चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना १६७३ साली पाठवलेले पत्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. दाणा, गवत जपून वापरा, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाईने ते लिहिले आहे. त्याच पत्रात अशीही भीती आहे, की रयतेला तुम्ही लुटलेत तर तिला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. राज्यकर्ता स्वतःची तुलना शत्रूशी करतो आहे आणि ती रयतेच्या तोंडून करतो आहे. त्या तुलनेत धर्माचा उल्लेख नाही, गवताच्या काडीचा आहे. हे एक पत्र वर्गात नीट वाचले तरी पुस्तिकेचा निम्मा युक्तिवाद मुलांच्या लक्षात येईल.

आता मर्यादा. ‘सर्व धातू सामान्य तापमानाला घन असतात’ हे विधान पाऱ्याचा एक थेंब खोटे ठरवतो. पण लोखंड घन का असते, हे पारा सांगत नाही. नियम मोडणे आणि कारण सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. दौलतखान आणि जयसिंह यांची उदाहरणे ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ हा नियम पुरता मोडतात. पण तेवढ्यावरून त्या काळी राज्य महत्त्वाचे आणि धर्म दुय्यम होता हा पुस्तिकेचा पुढचा निष्कर्ष सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा पुरावा हवा, आणि जो आहे तो संमिश्र आहे. मुसलमान झालेल्या नेताजी पालकरांना १६७६ साली पुन्हा हिंदू करून घेण्यात आले. त्यांची तलवार तेवढी हवी असती तर या विधीची गरज नव्हती. औरंगजेबाने १६७९ साली जिझिया पुन्हा बसवला, तेव्हा तो कर माणसाच्या धर्मावरूनच वसूल होत होता. महाराजांचे म्हणून प्रसिद्ध असलेले जिझियाविरोधी पत्र या कराची अन्यायकारकता ईश्वर सर्वांचा एक आहे या धार्मिक भूमिकेवरूनच दाखवते. महाराज श्रद्धावान होते आणि परधर्मद्वेष्टे नव्हते असे पानसरे सांगतात, ते बरोबर आहे. पण श्रद्धा ही राजकारणाला कुठे वळण देते, कुठे अडवते, कुठे उपयोगी पडते, हा प्रश्न ते घाईने मिटवतात.

सर्वांत मोठा पुरावा राज्याभिषेकाचा. ६ जून १६७४ रोजी झालेल्या या विधीसाठी काशीहून गागाभट्टांना आणावे लागले, क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले. स्वराज्य, किल्ले, फौज, खजिना सगळे हाती असलेल्या माणसाला एका मंत्राची गरज का पडली? धर्म हा निव्वळ सत्तेचा मुखवटा असता तर तो मुखवटा चढवायला इतका खर्च आणि इतकी खटपट कोणी केली नसती. आणि हा प्रश्न तिथे संपला नाही. सव्वादोनशे वर्षांनी, १८९९ साली, याच कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या लक्षात आले की त्यांचे राजपुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणत आहेत. त्यातून उठलेले वेदोक्त प्रकरण राजोपाध्यांची वतने जप्त होण्यापर्यंत गेले. छत्रपतींच्या गादीवर बसलेला राजा शूद्र की क्षत्रिय, हे एक पुजारी ठरवू पाहत होता.

शाहू महाराजांनी पुढे काय केले ते शिक्षकांनी विशेष पाहावे. १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. कोणते मूल कोणत्या शाळेत, कोणत्या जागी बसेल हे तोवर धर्माने सांगितलेली जात ठरवत होती. शाळेतील धर्माचा प्रश्न या शहरात पाठ्यपुस्तकाच्या आधी बसण्याच्या जागेवरून उभा राहिला. तरीही त्याच शाहू महाराजांनी १९१९ साली राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवले आणि १९२० साली क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापन केले. एका धर्मसत्तेला उत्तर म्हणून त्यांना दुसरी उभी करावीशी वाटली. ‘धर्म दुय्यम’ या सूत्रात हे बसत नाही. पानसऱ्यांनी शाहू महाराजांविषयीही लिहिले आहे. पण वेदोक्ताचा धागा मागे नेऊन राज्याभिषेकाला जोडला असता तर या पुस्तिकेचा तो भाग अधिक खोल झाला असता असे आम्हांला वाटते.

दुसरा आक्षेप साधनांबद्दल. आग्र्याच्या सुटकेत मदारी मेहतर नावाचा मुसलमान सेवक होता ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते आणि पुस्तिकेनेही ती घेतली आहे. समकालीन कागदांत त्याचा पत्ता लागत नाही, असा अभ्यासकांचा आक्षेप आहे. सोयीची कथा आपल्या बाजूची असली की तिची तपासणी ढिली पडते, हे प्रयोगाची वही भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दौलतखान आणि सिद्दी हिलाल असताना मदारी मेहतरची गरजही नव्हती.

हे सारे पंडिती वाटेल. तसे ते नाही. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली आणि तिची झळ सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत आली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काहींनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून दगडफेक झाली. दगड मारणारे आणि स्टेटस ठेवणारे, दोघेही आपल्याच शाळांतून गेलेले. चौथीत शिवचरित्र शिकवले ते आपणच.

राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या खटल्यात धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला. मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतील श्लोक आला तेव्हा गदारोळ झाला, तो व्हायलाच हवा होता. मात्र श्लोक छापलेला असतो, तो सापडतो. इतिहासाच्या तासाला ‘आपण’ आणि ‘ते’ ही सर्वनामे कोणासाठी वापरली जातात, हे कोणत्याच मसुद्यात छापलेले नसते. पन्हाळ्याच्या वेढ्याचा धडा सांगताना ‘ते आपल्यावर चालून आले’ असे शिक्षक म्हणतात, त्या वेळी मागच्या बाकावरची शबाना ‘आपण’मध्ये आहे की नाही?

हा प्रश्न वर्गात विचारणे सोपे राहिलेले नाही. सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात २०२३ साली पानसऱ्यांच्या याच पुस्तिकेसंबंधी एका प्राध्यापिकेवरून वाद झाला. पोलिसांनी त्यांच्यावर कारवाई करावी असे पत्र महाविद्यालयाला दिले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि पोलिसांना ते पत्र मागे घ्यावे लागले. न्यायालयाने ही पुस्तिका वाचली आहे का, असे पोलिसांनाच विचारले, हे वाचून आम्हांला बरे वाटले; पण खेड्यातल्या प्रत्येक शिक्षकामागे उच्च न्यायालय उभे राहणार नाही. मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि गावचे पुढारी यांच्या मधून त्याला वाट काढायची असते.

म्हणून आमची सूचना लहान आहे. आठवी-नववीच्या वर्गात ही पुस्तिका ‘योग्य उत्तर’ म्हणून नेऊ नये. तिच्यातील नावांची यादी फळ्यावर लिहावी आणि प्रत्येक नावापुढे मुलांकडून तीन रकाने भरून घ्यावेत : हे कोणत्या साधनात आहे, ते साधन घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले गेले, आणि लिहिणारा कोणाच्या पदरी होता. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे कळल्यावर जयसिंहाच्या अनुष्ठानाकडेही मुले जरा वेगळ्या नजरेने पाहतील. तसे त्यांनी पाहावे. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी साधनांच्या टिपा जोडाव्यात. मदारी मेहतरचा मजकूर मात्र काढू नये. त्या नावापुढचे तीन रकाने मुलांनाच भरू द्यावेत.